वेंडलच्या कुलपाखाली

यूक्लीड निवृत्त झाला आणि त्याच्या जागी नोएला आर्सेनो दुपारच्या पाळीची सुपरवायझर झाली, तेव्हा कागदाच्या मिलमधल्या बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. यूक्लीड म्हणजे जमदग्नी. त्याच्या ओरडण्यानं नदीवरचा बर्फ तडकतो असं लोक म्हणायचे, आणि त्याच्या निरोपाच्या जेवणात फ्रिको नावाच्या कोंबडीच्या रश्श्यापेक्षा त्याच्या शिव्यांचीच चव लोकांनी जास्त आठवून आठवून घेतली. नोएला तशी नव्हती. ती कुणावर आवाज चढवायची नाही. लोकांच्या आयांची दुखणी, पोरींची लग्नं, कुत्र्यांची नावं तिच्या लक्षात असायची. शिवाय तिनं एक नवी गोष्ट सुरू केली होती. ज्या आठवड्यात लगद्याचं टाकं कमीत कमी वेळ बंद राहील, त्या शुक्रवारी ती घरून केक करून आणायची. ब्लूबेरीचा, वर साखरेचा जाड थर. लोक बोटं चाटून खायचे. आपल्याला माणसं सांभाळता येतात, असं तिला वाटू लागलं होतं. असं वाटायला लागलं की खुशाल समजावं, कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगायचं टाळतंय. पण ही अक्कल तिला अजून यायची होती.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी पाळी सुरू होताहोताच टाकं तुंबलं.

टाकं म्हणजे मिलचं पोट. रद्दीचे गठ्ठे पट्ट्यावरून त्यात पडतात, तळाशी पोलादी पातं गरगरतं आणि पाण्यात रद्दीचा लगदा होतो. गठ्ठ्यांच्या तारा गठ्ठ्यांबरोबरच आत जातात आणि पात्याला गुंडाळून बसतात. मग टाकं रिकामं करायचं, आत उतरायचं आणि तारा कापून काढायच्या. उतरण्याआधी प्रत्येकानं जिना चढून वरच्या मजल्यावरच्या मेन स्विचपाशी जायचं, स्विच बंद करून तिथल्या लोखंडी कडीत आपलं स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली खिशात घालायची. कडीत जितकी कुलपं, तितकी माणसं आत. शेवटचं कुलूप निघेपर्यंत ते पातं कुणाच्या बापाला फिरवता येत नाही, आणि कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं असतं. लोकांनी आपापली कुलपं ओळखीची करून ठेवली होती. म्हाताऱ्या अलीरच्या कुलपावर त्याच्या बायकोचं लाल नेलपॉलिश होतं, वेंडलच्या कुलपावर हॉकीच्या संघाचा निळा स्टिकर.

आत्ता कडीत एकच कुलूप लटकत होतं. निळ्या स्टिकरचं. आणि वेंडल मिलमध्ये नव्हता.

त्याला घरी नोएलानंच पाठवलं होतं. त्याच्या आईच्या शेजारणीचा ऑफिसात फोन आला होता की म्हातारी दारातल्या बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक, अँब्युलन्स तिला शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. नोएला स्वतः धावत खाली गेली. वेंडल नुकताच टाक्याच्या तोंडातून बाहेर आला होता, दाढीला लगदा चिकटलेला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून बातमी सांगितली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ‘पण आत अजून...’ असं काहीतरी तो बोलायला लागला, तर तिनं त्याला बोलूच दिलं नाही. आतलं आम्ही बघतो, तू पळ, असं म्हणून तिनं त्याला जवळजवळ ढकललंच. तो ओल्या बुटांनी तसाच गाडीकडे धावला. आपण किती समजूतदारपणे वागलो, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

आता ती मेन स्विचसमोर उभी होती, हातात कुलूप तोडायची लांब दांड्याची कात्री घेऊन.

खाली तारांचा भलामोठा गुंता टाक्याबाहेर येऊन पडला होता, म्हणजे काम झालं होतं. टाक्याच्या तोंडाशी वाकून तिनं बॅटरीचा झोत आत फिरवला होता. ओल्या भिंती, पात्याचे दाते, ठिबकणारं पाणी, बाकी काही नाही. तिनं हाकाही मारल्या होत्या. शेजारच्या पंपांच्या घरघरीत त्या तिच्या तिलाच धड ऐकू आल्या नाहीत. मग तिनं पाळीतल्या सगळ्यांना वर बोलावून विचारलं होतं, सगळे बाहेर आहेत ना? माना डोलल्या. लेवी दिसत नाही, असं ती म्हणाली, तेव्हा अलीरनं खाली बघत सांगितलं की बाहेर सिगारेट ओढत असेल. लेवीचा एक पाय कायम बाहेरच असतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर दोघं-तिघं हसलेही. पण ते हसणं तिला नेहमीसारखं वाटलं नाही.

वेंडलला ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती. शहराकडचा रस्ता मैलोन्‌मैल जंगलातून जातो, तिथं फोनला रेंज नसते. फोनमधल्या बाईचा तोच तो आवाज यायचा की ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रेस्कॉट. मिलचा मॅनेजर. हा माणूस कधी हुकूम सोडत नसे. त्याचा आवाज डॉक्टरांच्या दवाखान्यातल्यासारखा हळू असायचा, आणि म्हणूनच तो ऐकला की लोक सावध व्हायचे.

“नोएला, कागदाच्या मशीनला आता थोडाच लगदा उरलाय,” तो म्हणाला. “कागद तुटला तर पुन्हा जोडायला उद्याची दुपार उजाडेल. तुला माहितेय हे.”

“माहितेय. वेंडलचं कुलूप आहे कडीत. तो गेलाय शहरात, आईसाठी.”

“मग तो आवारात नाही. याची खात्री झाली असेल तर सुपरवायझरला कुलूप तोडता येतं. नियमच आहे तो.”

“हो, पण...”

“मी तुला काहीच सांगत नाही. निर्णय तुझा. म्हणूनच तर तुला त्या जागेवर बसवलं ना?”

फोन बंद झाला. निर्णय तुझा, म्हणे. चांगलं झालं तर त्याचं, बिघडलं तर हिचं. नोएलाला या असल्या बोलण्याचा संताप यायचा, पण आज संतापालाही जागा नव्हती. वेंडलची गाडी पार्किंगमध्ये नाही हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला जाताना पाहिलं होतं. तो आवारात नाही याची याहून जास्त खात्री काय असते? मग हात का चालत नाही?

नियंत्रणाच्या खोलीत रोझान बसली होती, चालू करायच्या बटणावर डोळे लावून. काचेतून तिनं अंगठा वर करून विचारलं, करू का? नोएलानं मान हलवली. थांब.

तिनं कात्रीचे जबडे कुलपाच्या कडीवर टेकवले. निळा स्टिकर अगदी डोळ्यांसमोर आला. त्याचा एक कोपरा उचकटला होता, आणि त्याखाली जुन्या चिकटपट्टीचा पिवळा डाग दिसत होता. तो डाग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं ती आणि वेंडल जोडीनं टाक्यात उतरले होते. तिचा उजवा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरायचा आणि वरचा जिना उभाच्या उभा. मग ती वेंडलला म्हणायची, तूच जा रे वर, मी आपली तुझ्या कुलपाखाली येते. एकाचं कुलूप, दोघं आत. नियमात हे कुठंच बसत नव्हतं. कळलं असतं तर दोघांचीही नोकरी गेली असती. पण वेळ वाचायचा, गुडघा वाचायचा, आणि कुलपाचा मालक शेजारीच असायचा, तो आपल्याला आत ठेवून कुलूप काढणार होता थोडाच? पुढं पुढं मिलमध्ये सगळेच तसं करायला लागले. त्याला नावही पडलं होतं. तू आज कुणाच्या कुलपाखाली?

सुपरवायझर झाल्यापासून नोएलानं हे शब्द उच्चारले नव्हते. कुणी तिच्यासमोरही उच्चारले नव्हते. खुर्ची मिळाली तशी ही गोष्ट तिच्या मनातून जणू पुसली गेली होती. इतकी, की कडीत एक कुलूप बघून तिनं सरळ हिशेब केला, एक कुलूप, एक माणूस. पहिल्या दिवशी कामाला लागलेलं एखादं पोर करील तसा.

पण आत अजून...

कात्री कडीवरून घसरली आणि दांडा तिच्या मांडीवर आपटला. ते लागल्याचंही तिला कळलं नाही.

ती वळली. जिन्याच्या तोंडाशी सगळे उभे होते. कुणी हातमोजे चाचपत होतं, कुणी बुटांकडे बघत होतं. सगळे तिच्या निर्णयाची वाट बघत होते, आणि एकही तिच्याकडे बघत नव्हता. यूक्लीड असता तर ही माणसं त्याच्या भीतीनं गप्प बसली असती. आपल्यासमोर का गप्प आहेत? आपण तर कधी कुणाला तोडून बोललो नाही. केक करून आणले आपण.

“मला भीती वाटतेय,” ती म्हणाली.

आवाज चिरका निघाला. सुपरवायझरच्या तोंडून असलं काही कुणी कधी ऐकलं नव्हतं. एकानं दचकून वर पाहिलं.

“खरंच वाटतेय. हे बघा माझे हात.” तिनं हात पुढे केले. ते कापत होते. “साहेब म्हणतात निर्णय माझा. मी नियम नाही विचारत आता, कुणाचं नाव लिहून घेणार नाही, कुणावर काही करणार नाही. मला फक्त एवढंच सांगा. आज वेंडलच्या कुलपाखाली कोण होतं?”

अलीरनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं. चर्चमध्ये धरतात तसं.

“लेवी,” तो म्हणाला.

“बाहेर आला का तो? काका, आला का बाहेर?”

“मी बघितला नाही, पोरी. मी म्हटलं, आला असेल. मला वाटलं, आला असेलच.”

“सिगारेट ओढतोय म्हणालात ना तुम्ही.”

“असेल, असं म्हटलं.” मग एकदम चिडून तो म्हणाला, “काय सांगायचं होतं मी? दोघं एका कुलपावर आत होते, असं? परवा मला कुलूप काढायला जरा वेळ लागला, तर तू हसत हसत म्हणालीस, काका, तुमच्या एका कुलपानं आमचा केक खाल्ला. सगळे हसले. मीपण हसलो. केक छान असतो तुझा.”

तिनं काचेवर दोन्ही तळवे आपटून रोझानला ओरडून सांगितलं, खुर्चीवरून उठ, लांब जा त्या बटणापासून. रोझान घाबरून भिंतीला जाऊन टेकली. अलीरनं कमरेच्या पट्ट्यातून आपलं लाल कुलूप काढलं, वेंडलच्या शेजारी कडीत अडकवलं आणि तो या वयाच्या माणसानं उतरू नये अशा घाईनं जिना उतरू लागला. नोएला त्याच्या मागोमाग धावली. टाक्याच्या तोंडाशी तिनं आत पाय टाकला, तेव्हा अलीरनं तिचा दंड धरला.

“तुझं कुलूप?”

तिचं कुलूप तिच्याजवळ नव्हतं. सुपरवायझर झाल्यावर ते कशाला लागतंय म्हणून घरी कुठल्या तरी खणात पडलं होतं. ती पाय मागं घेऊन उभी राहिली. अलीर एकटा त्या अंधारात उतरला, आणि त्याच्या बॅटरीचा उजेड पात्याच्या पलीकडे जाऊन नाहीसा झाला.

तिथं उभं राहणं हे नोएलाच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम होतं. पात्याच्या मागं, तळाच्या जाळीखाली एक अरुंद खड्डा आहे, गाळ साचतो तो. त्यात माणूस पालथा पडून शिरला की वरून कितीही उजेड टाका, दिसत नाही. ती स्वतः त्यात शिरली होती. तिथं पडल्यावर पातं डोक्याच्या अगदी वर असतं. ते फिरायला लागलं तर माणसाचं काय होईल हे तिच्या डोळ्यांसमोर आपोआप येत होतं, आणि ती डोळे मिटून घेत होती, तर ते मिटल्या डोळ्यांआडही दिसत होतं. लेवीची बायको दर उन्हाळ्यात मिलच्या सहलीला बटाट्याचं सॅलड करून आणायची. तिला काय सांगायला गेलो असतो आपण? की आम्ही खात्री करून घेतली होती, एक कुलूप, एक माणूस? टाक्याच्या तोंडातून गार, कुबट वारा येत होता.

मागं बाकीचे येऊन उभे राहिले होते. त्यांच्यातला एक जण पुटपुटत जपमाळ ओढत होता.

मग आत काहीतरी धातूवर आपटल्याचा आवाज आला. अलीरचा आवाज, मग दुसरा एक आवाज, चिडलेला. बॅटरीचा उजेड परत आला आणि त्यामागं नखशिखांत लगद्यानं माखलेला लेवी गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. त्याच्या कानांत बोळे होते, हातात करवतीचं पातं. तोंडावर एवढी चिखलाची पुटं की फक्त डोळे तेवढे माणसाचे दिसत होते.

“वेंडल कुठं मेला?” तो म्हणाला. “मोठी कात्री आणतो म्हणून गेला तो गेलाच. खाली अजून तारेचा गुंडा आहे, हातानं कापून कापून माझी बोटं गेली. आणि तुम्ही सगळे इथं काय जत्रेला जमलात?”

त्यानं कानातला एक बोळा काढला. मग त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत नोएलापाशी आली. तिच्या हातात ती लांब दांड्याची कात्री अजून होती. आपण ती जिन्यावरून खाली घेऊन आलोय हे तिला तेव्हाच कळलं. लेवी त्या कात्रीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवून मागं टाक्याच्या अंधाराकडे पाहिलं, आणि तिथल्या ओल्या फरशीवर मटकन खाली बसला. त्याचे खांदे हलू लागले. अलीर त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

नोएलानं कात्री भिंतीला टेकवून ठेवली. लेवीच्या समोर तिनं गुडघे टेकले, कुरकुरणाऱ्या गुडघ्यासकट, आणि त्याचा लगद्यानं भरलेला हात दोन्ही हातांत धरला. माफ कर, असं तिला म्हणायचं होतं. पण एका शब्दात मावण्यासारखं ते नव्हतं, म्हणून ती नुसती धरून बसली.

थोड्या वेळानं प्रेस्कॉटचा फोन आला. कागद तुटला होता. तो काही रागावला नाही. उद्या पाळीच्या सुरुवातीला येतो, बोलू, एवढंच म्हणाला. त्या ‘बोलू’चा अर्थ मिलमध्ये नव्या पोरांनाही ठाऊक होता.

त्यानंतर वेंडलचा फोन आला, हॉस्पिटलातून. आईला ऑपरेशनसाठी नेतायत, शुद्धीवर आहे, त्यालाच शिव्या देतेय, असं तो घाईघाईनं म्हणाला. आणि मग, “लेवी निघाला ना बाहेर?”

“निघाला,” नोएला म्हणाली.

“मी सांगणार होतो, पण तू बोलूच देईनास. मी म्हटलं, जाऊ दे, कुलूप तसंच राहू दे. नोएलाला बघितल्याबरोबर कळेल.”

ती खुर्चीवरून उठली.

“म्हणजे, तुला कळणारच ना,” तो म्हणाला. “तू तर माझ्या कुलपाखाली किती वर्षं होतीस.”

फोन कानाशी धरून ती ऑफिसात उभी राहिली. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तिनंच आखलेला आठवड्याचा तक्ता होता, टाकं किती वेळ बंद राहिलं त्याचा, आणि कोपऱ्यात तिनंच काढलेलं केकचं चित्र. कुलूप तोडू का, असं तिनं वेंडलला विचारलं. तोड की, म्हणाला तो, मी नवीन घेईन. मग तिनं अलीरला साक्षीला घेऊन ते तोडलं.

घरी जाताना तिला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली. बर्फात उभी राहून ती ओकली. रात्रभर डोळा लागला नाही. कुलूप मात्र सापडलं. स्वयंपाकघरातल्या खणात, वाढदिवसाच्या मेणबत्त्या ठेवायच्या त्या खणात.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी तिनं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. लेवी आला नव्हता. तिनं त्याला सुट्टी दिली होती, आणि त्यानंही वाद घातला नव्हता. प्रेस्कॉट मागं दाराशी उभा होता, कॉफीचा कप घेऊन, कोट न काढता. त्याच्या असण्यानं खोलीतली सगळी माणसं शाळेत बसल्यासारखी ताठ बसली होती. आत्ता जे तोंडून जाईल ते प्रेस्कॉटही ऐकणार होता, आणि त्यानंतर आपण या नोकरीत राहू की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. घराचे हप्ते होते, कॉलेजात शिकणारी पोरगी होती. काल रात्रभर तिनं त्याचाही विचार केला होता. टाक्याचा विचार आला की तो विचार बाजूला सरायचा आणि पुन्हा येऊन बसायचा.

काल काय झालं ते तिनं सांगितलं. लेवीचं नाव न घेता, वेंडलचंही न घेता, पण झालं ते सगळं. आपण कात्री कुलपाला लावली होती, हेही. मग ती म्हणाली, “मला आज कुणाला पकडायचं नाहीये. मला फक्त कळायला हवंय. मी सुपरवायझर झाल्यापासून तुमच्यातलं कोण कोण दुसऱ्याच्या कुलपाखाली आत गेलंय? हात वर करा.”

कुणी हललं नाही. कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. एक-दोन डोळे दाराकडे, प्रेस्कॉटकडे जाऊन परत आले. अलीर टेबलावरच्या रेघोट्यांकडे बघत होता. नोएलाला वाटलं, संपलं. हे आता कधीच मला काही सांगणार नाहीत.

मग तिनं स्वतःचा हात वर केला.

“मी टाक्यावर कामाला होते तेव्हा वर्षानुवर्षं जायचे,” ती म्हणाली. “जिना चढायचा कंटाळा यायचा म्हणून. तुमच्यातल्या कित्येकांनी हे बहुतेक माझंच बघून उचललं. आणि सुपरवायझर झाल्यावर मी ते विसरून गेले. तुम्ही विसरला नव्हतात, फक्त मला सांगितलं नाहीत. का सांगितलं नाहीत, ते काका काल बोलले. केक मी बंद करतेय.”

दाराशी कॉफीचा कप कशावर तरी टेकवल्याचा आवाज झाला. तिनं तिकडे पाहिलं नाही. तिनं हात तसाच वर धरून ठेवला होता.

सगळ्यांत आधी अलीरचा हात वर गेला. मग त्याच्या शेजारच्याचा. मग मागच्या बाकावरचे दोन. रोझान नियंत्रणाच्या खोलीत बसायची, तिचा याच्याशी काय संबंध, असं नोएला मनात म्हणतेय तोच रोझाननंही हात वर केला, आणि खाली मान घालून म्हणाली की माणसं कमी असली की तीही मदतीला आत जाते. मग एकेक करत, खिडकीपाशी, शेगडीपाशी, टेबलाच्या त्या टोकाला, हात वर येतच राहिले. एखाद-दुसरा येईल अशी नोएलाची अपेक्षा होती. जास्तीत जास्त तीन-चार. हात खाली असलेलं माणूस आता शोधूनही सापडत नव्हतं.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. हा, आणि हा, आणि ती. यातलं प्रत्येक जण कधी ना कधी त्या खड्ड्यात पालथं पडलेलं होतं, आणि कडीत त्याचं कुलूप नव्हतं. आणि ती वर काचेपाशी उभी राहून, कडी रिकामी झाली की रोझानला अंगठा दाखवत आली होती, रोज, हसतमुखानं, चालू कर म्हणून.